मुलाखतीचा शर्ट आणि चेहऱ्याचा रंग

व्हिडिओवरच्या मुलाखतीची तयारी बऱ्याच घरांत पंखा बंद करण्यापासून सुरू होते. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखा बंद. कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाल्याची हाक आत येऊ नये म्हणून दार-खिडकी बंद. मागची भिंत बरी दिसावी म्हणून टेबल सरकवले जाते, आणि अशा कोंदट खोलीत, वर स्लॅब असो की पत्रा, उमेदवार पांढरा कडक शर्ट, टाय आणि त्यावर काळे ब्लेझर चढवून बसतो. ब्लेझर कॉलेजच्या प्लेसमेंटसाठी शिवलेले असते, नाहीतर भाड्याने किंवा चुलतभावाकडून मागून आणलेले. महिना बहुधा मे किंवा जून. जळगाव, अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात बाहेरचा पारा चाळिशीच्या वर असतो.

काय घालावे, हा प्रश्न उमेदवार मित्रांना, मोठ्या बहिणीला किंवा यूट्यूबला विचारतो. उत्तर साधारण एकच येते: फॉर्मल, शक्यतो ब्लेझर. हे उत्तर ज्या खोल्यांसाठी तयार झाले त्या खोल्या वेगळ्या होत्या. व्हिडिओ मुलाखतीत कपड्याला दोघांशी जुळवून घ्यावे लागते, घालणाऱ्याच्या शरीराशी आणि समोरच्या कॅमेऱ्याशी. मुलाखत घेणाऱ्या साहेबांचा नंबर त्यानंतरचा.

कपड्यांच्या उबदारपणाचे शास्त्रीय एकक आहे, त्याला ‘क्लो’ म्हणतात. १९४१ मध्ये ए. पी. गॅगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडले. २१ अंश सेल्सियसच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला ज्या कपड्यांत ना थंडी वाजेल ना उकडेल, ते एक क्लो. हा हिशेब साधारण त्या काळच्या पुरुषाच्या रोजच्या सुटाशी जुळतो. म्हणजे सूट हा २१ अंशांच्या खोलीचा पोशाख आहे, आणि तिथे तो अगदी योग्य आहे. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात २१ अंशांची खोली बँकेत सापडेल, घरात क्वचितच. साधा सुती शर्ट आणि पँट यांचे माप अर्ध्या क्लोच्या आसपास येते. तेवढेही तिथे कधी कधी जास्त होते.

शांत बसलेल्या माणसाचे शरीर शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते. त्वचेचे तापमान ३३-३४ अंश असते. खोली २५ अंशांवर असेल तर ही उष्णता आपोआप हवेत निघून जाते. खोलीच ३५ अंशांवर गेली की तो रस्ता बंद होतो आणि घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे अडीच किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण वाळला तरच. रुमालाने टिपलेला किंवा ब्लेझरच्या अस्तरात जिरलेला घाम अंगाला थंडावा देत नाही, फक्त पाणी आणि मीठ कमी करतो. पंख्याचे काम नेमके इथे असते. पंखा खोली थंड करत नाही. अंगालगतची दमट हवा हटवून घामाला वाळू देतो. तो बंद करून वर पॉलिस्टरचे अस्तर असलेले जाकीट घालणे म्हणजे शरीराची उरलेली एकमेव सोयही काढून घेणे होय.

मुलाखतीत त्यात भीतीच्या घामाची भर पडते. हा घाम उन्हाचा नसतो. मनावर ताण आला की तळहात, तळपाय, काखा आणि कपाळ इथल्या घर्मग्रंथी मज्जासंस्थेच्या आदेशावरून चालू होतात, मग खोलीत एसी असला तरी. दोन्ही घाम एकत्र आले की चेहरा तेलकट चमकतो, चष्मा नाकावरून घसरतो, हात सारखा कपाळाकडे जातो. समोरच्याला वाटते, मुलगा घाबरलाय. पुष्कळदा त्याला नुसते उकडत असते.

आणि उकाड्याचा संबंध केवळ दिसण्याशी नाही. बोस्टनमध्ये २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत हार्वर्डच्या संशोधकांनी ४४ तरुण विद्यार्थ्यांची रोज सकाळी फोनवरून छोटी चाचणी घेतली. काही जण एसी असलेल्या वसतिगृहांत राहत होते, काही नसलेल्या. लाटेच्या काळात बिनएसी इमारतींत राहणाऱ्यांना रंग आणि शब्द यांचा मेळ घालण्याच्या चाचणीत प्रतिसाद द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. बेरीज-वजाबाकीतही ते मागे पडले. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आला. अभ्यास लहान आहे, पण त्यातले लोक निरोगी आणि विशीतले होते, म्हणजे मुलाखतीला बसणाऱ्या वयाचे. प्रश्न ऐकून नेमके उत्तर जुळवायला डोक्याची जी चपळाई लागते, तीच उकाड्यात मंदावते. हे सगळे ब्लेझरसाठी सोसायचे, हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

खरे तर पंखा बंद करण्याची गरजही आता फारशी उरलेली नाही. झूम, मीट, टीम्स यांसारख्या सेवांमध्ये पार्श्वभूमीचा आवाज गाळण्याची सोय असते आणि पंख्याची एकसुरी घरघर गाळणे तिला सोपे जाते. अधूनमधून भुंकणारा कुत्रा तिला जड जातो. तारेचे इअरफोन लावले की माइक तोंडाजवळ येतो आणि पंखा आणखी मागे पडतो. आदल्या दिवशी त्याच वेळी एखाद्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करून पाहिले की काय ऐकू येते आणि काय नाही ते कळते. दुपारी तीनची मुलाखत असेल तर रंगीत तालीम रात्री नऊला घेण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा ना तो उकाडा असतो ना तो प्रकाश.

कापडाबद्दल लोकांचे एक ठरलेले मत असते की सुती म्हणजे उत्तम. ते बव्हंशी बरोबर आहे, पण सुती कापड घाम शोषते आणि ओले राहते, आणि काही रंगांत तो ओलावा लगेच दिसतो. फिकट निळा आणि राखाडी यांवर ओला डाग गडद उठतो. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर तो फारसा कळत नाही. म्हणून आत पातळ सुती बनियन घालणे हा आजोबांच्या पिढीचा उपाय आजही कामाचा आहे. लिननला सुरकुत्या पडतात, पण ते लवकर वाळते. टेरिकॉट इस्त्री धरून ठेवते, मात्र अंगाला हवा लागू देत नाही. खादीचा किंवा जाडसर सुताचा, कॉलर नीट उभी राहणारा, गळ्याशी एक बोट सहज जाईल असा शर्ट किंवा कुर्ता या कामाला पुरतो. साडी नेसणाऱ्या उमेदवारांना तर हा प्रश्न कमीच पडतो. सुती साडी हा आपल्या हवेत तयार झालेला पोशाख आहे.

आता कॅमेरा. लॅपटॉपचा किंवा फोनचा कॅमेरा समोर माणूस आहे की भिंत याची पर्वा न करता आधी चौकटीत एकूण किती प्रकाश आहे ते मोजतो आणि सरासरी मध्यम करड्या रंगाच्या आसपास येईल असे चित्र ठरवतो. चौकटीत पांढरा शर्ट, मागे चुना मारलेली पांढरी भिंत आणि बाजूला उघडी खिडकी असेल तर कॅमेऱ्याला वाटते की प्रकाश फार झाला. तो सगळेच चित्र गडद करतो. शर्ट आणि भिंत तरीही उजळ दिसतात. काळवंडतो तो मधला चेहरा. उमेदवाराचा वर्ण सावळा असेल तर डोळे, भुवया, ओठांची हालचाल, सारे त्या अंधारात बुडते. नव्या फोनांमध्ये चेहरा ओळखून प्रकाश ठरवण्याची सोय असते, त्यामुळे तिथे त्रास कमी होतो. पाच-सात वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर तो हमखास होतो, आणि पहिली नोकरी शोधणाऱ्याच्या हातात बहुधा जुनाच लॅपटॉप असतो.

काळ्या कपड्याचे उलट होते. चौकटीचा मोठा भाग काळा असला की कॅमेरा प्रकाश वाढवायला बघतो, चित्रात दाणे येतात आणि गोरा चेहरा पिठूळ दिसू लागतो. मधल्या छटा, म्हणजे मध्यम निळा, करडा, मेंदीसारखा हिरवा, फिकट तपकिरी, सावळ्या आणि गोऱ्या दोन्ही वर्णांना निभावून नेतात. भडक पिवळा किंवा केशरी शर्ट स्वतःचा रंग हनुवटीखाली फेकतो, मग कावीळ झाल्यासारखी छटा येते. आणि बारीक चौकडी, बारीक रेघा, खणाची दाट नक्षी हे सगळे पडद्यावर लाटांसारखे हलताना दिसते. कापडावरच्या रेघांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या बिंदूंची जाळी एकमेकींवर आली की डोळ्यांना तिसरीच नक्षी भासते. इंटरनेट संथ असेल तर आणखी एक गोष्ट घडते. चित्र पाठवणारी यंत्रणा तिला मिळालेली मोजकी क्षमता त्या नक्षीवर खर्च करते आणि चेहरा धूसर होतो. खणाचे ब्लाऊज घालायला हरकत काहीच नाही, वर सपाट रंगाचा पदर आला की झाले. काचेच्या बांगड्या मात्र टेबलावर वाजतात, आणि माइकला त्या पंख्यापेक्षा जास्त आवडतात.

शर्ट बदलण्याआधी टेबल फिरवावे. खिडकी पाठीमागे असेल तर कोणताही शर्ट वाचवू शकत नाही. ती समोर आली की अर्धे काम होते. रात्री मुलाखत असेल तर समोरच्या भिंतीवर प्रकाश पडेल असा दिवा ठेवावा. इतके करायला पैसा लागत नाही.

हे एवढे तपशिलात सांगण्याचे कारण वेगळे आहे. पडद्यावर काळवंडलेला आपला चेहरा पाहून तरुण-तरुणी शर्ट बदलत नाहीत, चेहरा बदलायला निघतात. मुलाखत दहा दिवसांवर आली की औषधाच्या दुकानातून ‘लवकर उजळवणारी’ ट्यूब येते. चिठ्ठी लागत नाही, मैत्रिणीने लावलेली असते, आणि आठवड्याभरात फरकही दिसतो. तो दिसतो कारण त्या ट्यूबेत अनेकदा मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टिरॉइड असते, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगासारख्या विकारात डॉक्टर हे मिश्रण ठरावीक आठवड्यांसाठी, नजरेखाली वापरतात. स्वतःहून महिनोन्‌महिने लावले की चेहऱ्याची त्वचा पातळ होते, खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे उसळतात, मुलींच्या हनुवटीवर केस येतात. थांबवायला जावे तर चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब लावली जाते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव द्यावे इतकी ती सर्रास आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. कायदा कागदावर कडक आहे, काउंटरवर तितका नाही.

दुसरा धोका बिननावाच्या, लेबल नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा. त्यांपैकी काहींत पारा असतो. पारा मेलॅनिन बनण्याची क्रिया अडवतो, त्यामुळे रंग उतरतो, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांच्यापैकी १५ जणांत विकाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे होण्याचे क्रीम वापरत होते. पायांवर सूज आणि लघवीला फेस, अशी त्याची सुरुवात होते. एका नोकरीच्या आशेने लावलेल्या क्रीमची किंमत मूत्रपिंडाने चुकवावी, आणि ज्या काळोखीपायी ते लावले ती खिडकीच्या चुकीच्या जागेने पडलेली असावी, यापरता खेद कोणता?

कॅमेऱ्याच्या बाजूनेही इतिहास स्वच्छ नाही. रंगीत फोटोंच्या जमान्यात प्रयोगशाळा छपाईचे रंग जुळवायला कोडकची ‘शर्ली कार्डे’ वापरत. त्यांवर दशकानुदशके एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची त्वचा बरोबर आली की रंग बरोबर, असा तो हिशेब होता. सावळी त्वचा कशी येते याची चिंता फार उशिरा सुरू झाली. २०२२ मध्ये गूगलने हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचापट्टी स्वीकारली, ती याच दुरुस्तीचा भाग आहे. ज्यांचा चेहरा पडद्यावर काळा पडतो त्यांच्या त्वचेत काही उणे नसते. यंत्राला त्यांची सवय उशिरा लागली, एवढेच.

नव्या कपड्यांबद्दल एक साधी सूचना औषधाच्या खात्यात मोडते. मुलाखतीसाठी घेतलेला शर्ट पाकिटातून काढून थेट अंगावर चढवू नये. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडाला दिलेल्या रेझिनमध्ये फॉर्माल्डिहाइड असते, पॉलिस्टरच्या गडद निळ्या-काळ्या रंगांत डिस्पर्स प्रकारचे रंग असतात, आणि या दोन्हींची काहींना ॲलर्जी असते. मान, काखेची कड, कोपराची खोबण इथे खाज सुटते, आणि तीही ऐन मुलाखतीत नाही तर दोन दिवसांनी, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा-दोनदा धुतले की सैल रंग आणि बरेचसे रसायन निघून जाते. मागून आणलेल्या किंवा भाड्याच्या ब्लेझरचे वेगळे दुखणे आहे. घामट, घट्ट, कृत्रिम धाग्याच्या कपड्यात गजकर्ण फोफावते, आणि आपल्याकडे गेल्या काही वर्षांत ते औषधाला दाद न देण्याइतके चिवट झाले आहे. त्यालाही वर उल्लेखलेलीच स्टिरॉइडची ट्यूब लावली जाते, त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते.

टायबद्दल प्रयोग झालेले आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० निरोगी आणि २० काचबिंदू असलेल्या पुरुषांना तीन मिनिटे घट्ट टाय बांधायला सांगितला, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांतला दाब वाढला. २०१८ मध्ये जर्मनीतील कील येथे एमआरआय करून पाहिले, तर टाय घट्ट बांधलेल्या तरुणांच्या मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी साडेसात टक्क्यांनी घटला. या आकड्यांनी घाबरायचे कारण नाही, निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही. पण ज्या गोष्टीने मुलाखतीत काडीचा फायदा होत नाही ती गळ्याशी आवळून कशाला बसायचे?

वर शर्ट आणि खाली बर्म्युडा, हा विनोद आता जुना झाला. तरी पँट घालावी. लाइट जाते, राउटर बंद पडतो, उठावे लागते.

कपड्यांनी घालणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो, यावर २०१२ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाची फार चर्चा झाली. डॉक्टरांचा कोट समजून पांढरा कोट घातलेल्यांचे लक्ष अधिक एकाग्र झाले. तोच कोट रंगाऱ्याचा म्हणून घातला तर झाले नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांना हा निष्कर्ष फारच आवडला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने जास्त माणसे घेऊन त्याच संशोधनातला एक प्रयोग आधी जाहीर करून पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. ही दुसरी बातमी वर्गांपर्यंत पोहोचलेली नाही. त्यापेक्षा २००० सालचा कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग उमेदवारांना अधिक उपयोगी आहे. विद्यार्थ्याला ओशाळे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. त्याला वाटले, निम्म्या जणांनी तरी शर्ट पाहिला असणार. प्रत्यक्षात चौघांतल्या एकाच्याच लक्षात आला होता. व्हिडिओ कॉलवर हा भ्रम वाढतो, कारण स्वतःचा चेहरा सतत समोर दिसत असतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या कॉलच्या थकव्याची जी कारणे मांडली त्यांत हा आरसाही आहे. कॉलर नीट आहे ना ते एकदा पाहावे आणि स्वतःचे चित्र लपवून टाकावे. त्याची सोय मेन्यूत असते.

तरीही कपड्यांचा समोरच्यावर परिणाम होतच नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ प्रयोग करून तो मोजला आहे. तेच चेहरे, पण कपडे थोडे ‘श्रीमंत’ किंवा थोडे ‘गरीब’ वाटणारे, अशी छातीपर्यंतची छायाचित्रे लोकांना दाखवली. व्हिडिओ मुलाखतीतही चौकट तेवढीच असते. बघणाऱ्यांनी चांगल्या कपड्यांतल्या चेहऱ्याला अधिक सक्षम ठरवले. चित्र सेकंदाच्या आठव्या हिश्शाइतकेच दिसले तरी ठरवले. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे बजावले तरी ठरवले. अचूक निवाड्याला पैसे देऊ केले तरीही ठरवले. हे काम ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल: मग उमेदवाराने ब्लेझर घालावे हेच शहाणपण नाही का? बँकेच्या, विक्रीच्या किंवा वकिलीच्या नोकरीसाठी, एसीच्या खोलीत, स्वतःचे आणि अंगाला बसणारे जाकीट असेल तर खुशाल घालावे. तसे करणाऱ्याला कुणी हसू नये. समाज जसा आहे तसा तो वाचतो आहे. पण त्या प्रयोगांतून निघणारे खरे काम उमेदवाराचे नाही. बजावूनही, पैसे देऊनही ज्यांची नजर सुधारली नाही ते बघणारे होते. रोग बघणाऱ्याच्या नजरेत असताना औषध दिसणाऱ्याला देणे हा उलटा उपचार आहे, आणि त्याचा खर्च तालुक्याच्या गावातल्या, घरात पहिल्यांदाच पदवी मिळवलेल्या मुलीने उचलायचा, हे तर अन्यायाचे आहे. काही हजारांचे जाकीट एका दुपारसाठी विकत घेण्यापेक्षा तिने धुतलेला, इस्त्रीचा, कॉलर असलेला मध्यम रंगाचा कुर्ता घालावा. स्वच्छता आणि इस्त्री हा समोरच्याचा मान राखणे झाले. त्यापुढचे मागणे हे ऐपतीची चौकशी आहे.

काही कंपन्यांनी ही नजर यंत्राकडे सोपवून पाहिली. हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने मुलाखतीच्या व्हिडिओतील चेहऱ्याचे विश्लेषण जानेवारी २०२१ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जर्मनीत बव्हेरियाच्या सार्वजनिक वाहिनीच्या पत्रकारांनी अशाच एका प्रणालीची परीक्षा घेतली. तीच अभिनेत्री, तीच उत्तरे. चष्मा लावला, डोक्याला स्कार्फ बांधला की गुण बदलले. मागे पुस्तकांचे कपाट आणले तरी बदलले. माणसाच्या नजरेला निदान शरमेची भाषा कळते.

मुलाखत घेणाऱ्यांना करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले काहीच महाग नाही. पहिली फेरी केवळ आवाजावर घेता येते. हिशेबनीस किंवा प्रोग्रॅमर निवडायला सुरुवातीला चेहरा लागत नाही. सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण दिले, तर शेवटी ‘एकूण छाप’ नावाच्या रकान्यातून कपडे आत शिरत नाहीत. विदर्भातल्या उमेदवाराला मे महिन्यात दुपारी तीनऐवजी सकाळी नऊची वेळ देता येते. आणि मुलाखतीचे आमंत्रण पाठवताना, लिंक आणि वेळेखाली, आणखी तीन ओळी लिहिता येतात: रोजचे स्वच्छ कपडे चालतील, जाकीट-टायची अपेक्षा नाही, पंखा चालू ठेवा, मध्येच लाइट गेली तर घाबरू नका, आम्ही पुन्हा फोन करू.